शनिवारचे दळण

रविवारी सकाळी गिरणीचा वरचा दगड उतरवायचा, पोत्यावर उताणा निजवायचा आणि टाकी-हातोडी घेऊन त्याच्या बोथटलेल्या रेघा पुन्हा खोल करायच्या, हे काम बसलिंगप्पांनी कधी दुसऱ्याच्या हाती दिले नाही. दगडाला टाकी लावणे म्हणजे नुसते ठोकणे नव्हे. घाव खोल गेला तर पिठात कच उतरते. उथळ राहिला तर दाणा दळला न जाता नुसता भरडतो, दगड तापतात आणि पीठ गरम पडते. नांदेडच्या आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण घेतलेला हा माणूस आता साठीच्या पुढे गेला होता, तरी दगडासमोर मांडी घालून बसला की त्याच्या मनगटाचा ताल चुकत नसे. डोळ्यांवर चष्मा, नाकाला उपरणे, शेजारी बायकोने, शरणम्माने, आणून ठेवलेला पाण्याचा तांब्या. टक्, टक्, टक् असा आवाज सुरू झाला की वरच्या आळीतल्या बाया दळणाचे डबे भरायला घेत.

कारण ताज्या दगडावर पहिले दळण वरच्या आळीचे. रविवारी दुपारी ते सुरू होई. सोमवारी गिरणी बंद. तो बसवण्णाचा वार, त्या दिवशी बैल जुंपायचा नाही तशी मोटरही जुंपायची नाही. मंगळवारपासून शनिवारच्या दुपारपर्यंत पुन्हा गावचे दळण. आणि शनिवारी दिवस कलला की भीमनगरचे. मग रात्रभर गिरणी बंद, आणि रविवारी सकाळी टाकी.

हे कुठे लिहिलेले नव्हते. मुखेडकडच्या त्या गावात बसलिंगप्पांनी गिरणी टाकली तेव्हा वरच्या आळीतल्या चार म्हाताऱ्या त्यांच्या वडिलांकडे येऊन कुजबुजल्या होत्या. वडील म्हणाले होते, "शनिवारी घे त्यांचं, रविवारी टाकी लाव. कुणाला बोलायला जागाच न्हाई." तरुण बसलिंगप्पांना ती रचना फार आवडली होती. कुणाला नाही म्हणायचे नाही, कुणाशी भांडायचे नाही, आणि यंत्राची निगाही आपोआप राखली जाते. एखादा कठीण सांधा खिळा न मारता बसावा, तसे त्यांना वाटले होते. "मी आजपोत्तर कुणाला परत पाठवलं न्हाई," असे ते चारचौघांत अभिमानाने सांगत.

गिरणीच्या दाराबाहेर दगडी ओटा होता आणि ओट्यावर एक पत्र्याचे घमेले. भीमनगरच्या बाईने आपले दाणे त्या घमेल्यात ओतायचे. आप्पांनी घमेले उचलून आत दगडावरच्या दाण्याच्या पेटीत रिकामे करायचे. घमेले ओट्यावर का असते, हे कुणी विचारले नव्हते आणि कुणी सांगितलेही नव्हते.

होळी झाली. रब्बीची नवी ज्वारी घरोघर आली. उन्हाने वाटांची माती पिठासारखी झाली. अशाच एका बुधवारी, गिरणीत दोन-तीन डबे असताना, भीमनगरच्या धुरपताबाईची सून सिंधु कडेवर डबा घेऊन थेट उंबऱ्याशी आली. ही मुलगी काही वर्षे नांदेडात एका होस्टेलच्या स्वयंपाकघरात राबलेली; नवरा अर्धापूरकडे केळीच्या तोडणीवर जाई, म्हणून आता सासूपाशी राहायला आलेली.

"आप्पा, दळण आणलंय."

"शनिवारी आण, पोरी."

"कामून? आज गिरणी रिकामीच हाय की."

"रिकामी कुठं? डबे येऊन राहिलेत."

"मग त्यांच्यामागं लावते नंबर. मला घाई न्हाई."

बसलिंगप्पांनी पट्ट्यावरची नजर काढली नाही. "तसं नसतंय ते. यंत्राला लोड असतो, आठवड्याचं गणित असतंय. तुमच्याकडचं सगळं शनिवारी एकदम निघतंय."

"आमच्याकडचं म्हंजी कुणाकडचं?"

डबे ओळीने लावणारी अंबिका, बसलिंगप्पांची सून, वाकलेली होती ती तशीच थांबली. तिचा नवरा लातूरला एका दुकानात कामाला होता; गिरणीचा अर्धा भार तिच्यावरच असे.

"शनिवारपोत्तर दगड बोथट होतेत, आप्पा," सिंधु म्हणाली. "पीठ असं निघतंय की हात घातला तर चटका बसावा. विरी, चिकटपणा म्हणून राहत न्हाई. भाकरी थापाया गेलं की कडंला चिरती. म्हातारी म्हणती, ज्वारीच तसली. आता ही ज्वारी अन् तुमची ज्वारी एकाच शिवारातली."

"पाण्याचा अंदाज चुकत आसंल तुझा," बसलिंगप्पा म्हणाले. त्यांना ते विनोदाने म्हणायचे होते. डब्याशी उभी असलेली वरच्या आळीतली शिवकांता तोंडाला पदर लावून हसली. "थापता येईना, अन् गिरणीला नावं!"

सिंधुने डबा कडेवर सावरला. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "बरं," ती म्हणाली. "मग ज्यांचा अंदाज चुकत न्हाई, त्यांनाच बोलावते."

तिने बोलावले. नांदेडच्या समाजकल्याण कार्यालयाच्या समान संधी कक्षाकडून पंचायतीत निरोप आला, की गिरणीत भेदभाव होतो अशी तक्रार आहे आणि अधिकारी येऊन पाहणी करतील. ही बातमी बसलिंगप्पांपर्यंत आली ती नरसिंग पाटलांच्या तोंडून. नरसिंग पंचायतीचे सदस्य. पोट सुटलेले, बोलताना समोरच्याच्या गुडघ्यावर थाप मारायची सवय.

"आप्पा, घाबरायचं बिलकुल काम न्हाई," पोत्यावर बसत ते म्हणाले. "मॅडम इचारतील, भेदभाव करता का? काय म्हणायचं?"

"न्हाई म्हणायचं."

"नुसतं न्हाई म्हणू नका, चोरावाणी वाटतंय. यंत्राचं बोला. तुमी आयटीआयवाले. लोड म्हणा, व्होल्टेज म्हणा, आणखी काय काय असतंय ते म्हणा. बाईमाणसाला यंत्राचं काय कळतंय?"

"मला कळतंय की," अंबिका म्हणाली. तिने तेवढ्यात पट्ट्याला राळ लावली होती. हात काळे होते.

नरसिंग हसले. "तुमी घरच्याच हाव, वहिनी. तुमी त्या दिवशी उगं गप ऱ्हावा, म्हंजी झालं." मग आवाज उतरवून म्हणाले, "बायांना मी सांगितलंय. मॅडमसमोर भीमनगरचा डबा मधी आला तर येऊ द्या. तोंड वाकडं करू नका. त्याच्यावर आपलं दळून घ्या अन् घरी नेऊन ते पीठ म्हशीला घाला. एका दिवसानं म्हशी बाटत न्हाईत."

त्या दिवशी जेवताना शरणम्मा धुमसत होती. "आपण कुणाचं काय वाईट केलं? दळत न्हाई का त्यांचं? कितीक गावांत तर दळतच न्हाईत. ज्याचं करावं भलं..."

बसलिंगप्पांनी ताटातली भाकरी उचलली. पातळ, पांढरी, टम्म फुगलेली. त्यांनी ती बोटांत फिरवून तिची कड पाहिली. कड सगळीकडून अखंड होती. कुठेही चीर नव्हती.

"काय बघून राहिलात?" शरणम्माने विचारले. "खडा लागला का?"

"न्हाई," ते म्हणाले आणि भाकरी मोडली.

कक्षाच्या अधिकारी सरोजिनी मॅडम आल्या त्या गुरुवारी, सकाळच्या गर्दीच्या वेळी. पंचायतीने सत्काराची शाल आणि नारळ तयार ठेवला होता. त्यांनी जीप तिकडे नेलीच नाही. पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघ्याला पट्टा, सुती साडी, हातात पाण्याची बाटली. गिरणीच्या दारात त्यांनी चपला काढल्या आणि आत येऊन एका रिकाम्या पोत्यावर बसल्या.

"गिरणी बंद करू नका," त्या म्हणाल्या. "चालू द्या. मी फक्त पाहायला आले आहे."

नरसिंग मागोमाग धावत आले होते. ते काही बोलायला गेले, तेव्हा मॅडमनी हाताने थांबवले. थोड्याच वेळात त्यांच्या केसांवर, भुवयांवर पीठ बसले. त्यांनी ते पुसले नाही. मग त्या यंत्राबद्दल विचारू लागल्या. हा स्क्रू कशाचा? दगड किती जवळ आणायचे, हे कसे ठरवता? पीठ बारीक की जाड, हे कशावरून कळते? बसलिंगप्पांना आयुष्यात इतक्या आस्थेने कुणी हे विचारले नव्हते. ते खुलले. पिठाची चिमूट अंगठ्यावर चोळून दाखवली, नुसत्या आवाजावरून पेटीतले दाणे संपत आल्याचे ओळखून दाखवले.

"आणि टाकी?"

"दर रविवारी. आपली गिरणी तालुक्यात एक नंबर, मॅडम. दुसरे लोक दगड पार गुळगुळीत होईपोत्तर चालवतात."

"दळण कमी आलं, तरी रविवारीच?"

"हाव."

"बुधवारी लावली तर?"

बसलिंगप्पांनी कपाळावरचा घाम उपरण्याने टिपला. "रविवार बरा पडतोय."

बाहेर ओट्यापाशी सिंधु उभी होती, आणि तिच्यामागे भिंतीच्या सावलीत धुरपताबाई गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मॅडमनी त्या दोघींकडे पाहिले, घमेल्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "एकच विचारते. शनिवारच्या दळणानंतर आणि इतर दिवसांच्या दळणानंतर, पद्धतीत काही फरक?"

"न्हाई मॅडम," बसलिंगप्पा म्हणाले. पुढचे वाक्य त्यांना आयतेच सुचले आणि स्वतःलाच फार शोभून दिसले. "गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी, एवढंच आमी बगतो. दाण्याला जात नसती."

नरसिंगने खुशीने मान हलवली.

"छान," मॅडम म्हणाल्या. "मग आज आल्या नंबराने चालू द्या."

नरसिंगच्या घरचा डबा झाला. त्यानंतर सिंधुचा नंबर. ती सवयीने घमेल्याकडे वळली. तेवढ्यात अंबिका पुढे झाली, तिच्या हातातला डबा घेतला आणि दाणे सरळ पेटीत ओतले. शिवकांता आपला डबा पायाशी धरून, तोंडावर अगदी शांत भाव आणून उभी होती. बसलिंगप्पांनी स्क्रूवर हात ठेवला, आवाज ऐकला, दाणा नीट धरला गेल्याचे ओळखले. कापडी बाहीतून पीठ पडू लागले. सगळे ठरल्याप्रमाणे चालले होते. पीठ पडत राहिले, मग बारीक झाले, मग थांबले. सिंधुने डबा ओढून घेतला. शिवकांताने आपला डबा उचलला.

आणि गिरणी बंद झाली.

वीज गेली, असे आधी सगळ्यांना वाटले. पण माथ्यावरचा पंखा फिरत होता. बसलिंगप्पांनी लाल बटण दाबले होते, फिरता पट्टा काठीने उतरवला होता, पेटी बाजूला काढली होती. पान्याने तिन्ही नट सैल केले होते. हे सगळे त्यांनी इतक्या सराईतपणे, इतक्या शांतपणे केले की ते चूक आहे असे पाहणाऱ्यालाही वाटू नये. दगडाखाली पहार घालून, खांद्याचा भार देऊन त्यांनी वरचा दगड कलता केला, मागच्या कोनाड्यात हात घातला, आणि हाताला टाकी लागली.

"मामा," अंबिका अगदी हळू म्हणाली. "आज गुरुवार हाय."

बसलिंगप्पांनी हातातल्या टाकीकडे पाहिले. मग दगडाकडे. मग दारातल्या माणसांकडे. शिवकांता अर्धवट उचललेला डबा तसाच धरून उभी होती. नरसिंगने डोळे मिटून घेतले होते.

"दगड बोथट झालेत का?" सरोजिनी मॅडमनी विचारले. त्यांच्या आवाजात सापळा नव्हता; यंत्राबद्दल मघाशी विचारत होत्या तसाच तो होता.

हाव म्हणायचे होते. एवढा एक शब्द म्हटला असता तर निभावले असते. दगडाची धार तिथे दुसऱ्या कुणाला कळणार होती? पण बसलिंगप्पांचा अंगठा आपणहून दगडाच्या रेघांवरून फिरला. रविवारीच घातलेले घाव. कडा अजून बोटाला चावत होत्या. फिटरच्या अंगठ्यासमोर खोटे बोलणे त्यांना जमले नाही.

"न्हाई."

"मग दगड का काढला?"

"हाताला... सवय हाय," ते म्हणाले. "त्यांचं दळण झालं की हात दगड उघडतो."

'त्यांचं' हा शब्द गिरणीत पडला आणि तिथेच राहिला. बाहेर धुरपताबाईने पदर डोक्यावर पुढे ओढून घेतला, जणू उघडी ती पडली होती. बसलिंगप्पांनी टाकी खाली ठेवली. दगड कलताच होता. तो सोडताही येईना आणि धरवतही नव्हता. शेवटी अंबिका आणि सिंधु दोघींनी दोन बाजूंनी हात लावून तो खाली बसवला. मॅडम पोत्यावरून उठल्या त्या दगड बसल्यावरच.

मॅडमनी जे सांगितले ते उभ्याउभ्याच, आवाज न चढवता. आजपासून नंबर येईल तसा. वार कुणाचा नाही. घमेले काढायचे. टाकी दगडाला गरज लागेल तेव्हा, माणसाकडे पाहून नाही. आपण न कळवता पुन्हा येऊ. हेच पुन्हा दिसले तर प्रकरण कक्षाच्या हातात राहणार नाही, पोलिसांकडे कायद्याप्रमाणे जाईल, आणि तो हक्क सिंधुचा आजही आहे. मग त्या सिंधुकडे वळल्या. "तुम्हाला काय म्हणायचं आहे? ते सर्वांसमोर तुमची माफी मागतील."

सिंधुने डब्याचे झाकण दाबून बसवले. "मला माफी नको, मॅडम. नंबर पाहिजे," ती म्हणाली. सासूला हाताला धरून उठवले, आणि दोघी निघून गेल्या.

जीप गेल्यावर नरसिंगने धोतराचा सोगा झटकला. "काय हो आप्पा! तोंडाला कुलूप लावा म्हणलं, तर हातानं बोललात!"

हे वाक्य दिवस मावळायच्या आत गावभर झाले. पारावर, हॉटेलात, पाण्याच्या टाकीशी लोक एकमेकांना विचारू लागले, "आज आप्पाचा हात काय म्हणतोय?" बसलिंगप्पा समोरून आले की बोलणे थांबे आणि ते पुढे गेले की खसखस पिके. चूक केल्याबद्दल कुणी हसत नव्हते. ती लपवता न आल्याबद्दल हसत होते. हे त्यांच्या ध्यानात आले तेव्हा त्यांना घरी परतायची वाट लांब वाटू लागली.

वरच्या आळीचे डबे येईनासे झाले. भांडण कुणीच केले नाही. शिवकांता वाटेत भेटली तर गोड बोले, "राग न्हाई हो आप्पा, तसंबी बाजारला जायचंच व्हतं," आणि एसटीच्या थांब्यावर तिच्या पायाशी दळणाचा डबा दिसे. मुखेडच्या गिरणीत आधी कुणाचे दळण पडले, हे तिथे कुणी विचारत नव्हते. न पाहिलेले चालत होते.

भीमनगरही आले नाही. सिंधु नवऱ्याबरोबर अर्धापूरला केळीच्या कामावर गेली, असे कळले. शनिवारी दिवस कलला तेव्हा बसलिंगप्पा सवयीने दाराकडे तोंड करून बसले. वाटेवर शेळ्या गेल्या, एक मोटरसायकल गेली. अंधार पडू लागला तसे अंबिकेने दार ओढून घेतले.

रविवारी सकाळी शरणम्माने न विचारता तांब्या आणून ठेवला. बसलिंगप्पांनी दगडावर अंगठा फिरवला. टाकी लावायची गरज नव्हती. ते उठले आणि परसात गेले. परसात झिजून टाकून दिलेल्या जुन्या दगडांची फरशी होती. एकावर शरणम्मा धुणे धुई, एकावर रांजण होता, एकावर तुळस. विहिरीपर्यंतची सगळी वाट त्याच दगडांची. दुकानदार हलका दगड देतो, म्हणून ते दर वेळी नवा जोड आणताना त्याच्याशी भांडत आले होते. मुखेडच्या गिरणीवाल्याचे दगड याच्या दुप्पट टिकत. आज ते त्या वाटेवर उभे राहिले आणि पायाखाली पाहत राहिले. दळणाने एवढे दगड झिजत नाहीत. हे टाकीने झिजले होते. दर रविवारी त्यांनी स्वतःच्या हाताने, मन लावून, दगडावरून माणसे खरवडून काढली होती, आणि त्याला ते यंत्राची निगा म्हणत होते.

विहिरीपर्यंत जायला त्यांना त्या दगडांवर पाय द्यावाच लागला.

आत येऊन त्यांनी भिंतीवरची बसवण्णाची तसबीर पुसायला घेतली. रोज सकाळी ती पिठाने पांढरी झालेली असे आणि ते उपरण्याने पुसत. आज तिच्यावर पीठ नव्हते. तरीही त्यांनी ती पुसली, मात्र चेहऱ्यापर्यंत त्यांचा हात गेला नाही.

"मामा," मागून अंबिका म्हणाली, "ते घमेलं मी भंगारवाल्याला दिलं."

"बरं केलं."

"तुमी सांगाल म्हणून वाट बगितली. मग दिलं."

मंगळवारी ऊन तापायच्या आत धुरपताबाई एकटीच आली. डोक्यावर डबा, हातात काठी. ओट्यापाशी येऊन तिने डबा टेकवला आणि इकडेतिकडे पाहू लागली. घमेले होते तिथे ओट्यावर एक गोल, फिकट डाग राहिला होता.

"घमेलं कुठं हाय, आप्पा?"

"काढलं."

"मग दाणे कशात वतू?"

बसलिंगप्पा उंबरा ओलांडून बाहेर आले. "द्या इकडं, धुरपताबाई."

म्हातारीने त्यांच्याकडे चमकून पाहिले. आजवर ती 'धुरपते' होती. तिने डबा लगेच सोडला नाही. दोघांचे हात क्षणभर एकाच कडीवर राहिले. तिचा हात खरखरीत होता, टाकी लावलेल्या दगडासारखा. मग तिने डबा सोडला.

बंद दगडांतली धूळ निघावी म्हणून त्यांनी आधी मूठभर कोंडा टाकून ते फिरवून घेतले, तो कोंडा म्हशीच्या टोपल्यात काढला, आणि मग म्हातारीचे दाणे ओतले. "आत या. बसा."

"इथंच बरी हाय. गुडघे उठू देत न्हाईत," ती म्हणाली आणि उंबऱ्याच्या बाहेरच बसली. पीठ पडले. डबा भरला. बसलिंगप्पांनी तो तिच्यासमोर नेऊन ठेवला. ती उठेना.

"आता दगड काढणार का?" तिने विचारले.

"न्हाई."

"मग बसते जरा. सुनंनं सांगून ठिवलंय. आपल्यावर दुसऱ्याचं पडंपोत्तर हलायचं न्हाई, डोळ्यानं बगायचं."

दुसरा डबा गिरणीत नव्हता. होता तो एकच, कोपऱ्यात, घरच्या ज्वारीचा. वरच्या आळीबरोबर मुखेडला पाठवायचा म्हणून शरणम्माने भरून ठेवलेला. घरातून गिरणीत उघडणाऱ्या दारात शरणम्मा येऊन उभी होती. बसलिंगप्पांनी तिच्याकडे पाहिले. थोडा वेळ ती म्हातारीकडे पाहत राहिली आणि मग आत वळली. आतून भांडे आदळल्याचा आवाज आला.

गिरणी पेटीतल्या शेवटच्या दाण्यांवर फिरत होती. बसलिंगप्पांना आपला उजवा हात जाणवत होता. तो खांद्यापासून जड झाला होता, आणि लाल बटण त्याच्यापासून वितीवर होते. त्यांनी त्या हाताने पेटीची कड घट्ट धरली. डाव्या हाताने आणि गुडघ्याच्या आधाराने घरचा डबा उचलला आणि दाणे म्हातारीच्या दाण्यांवर ओतले. आवाज भरला. बाहीतून पीठ उतरू लागले: आधी तिचे राहिलेले, मग दोघांचे मिसळलेले, मग घरचे.

धुरपताबाई मान ताणून सगळे पाहत होती. दुसरे पीठ पडू लागले तशी तिची मान खाली आली. तिने स्वतःच्या डब्याचे झाकण काढले, आत मनगटापर्यंत हात घातला आणि तो तसाच ठेवला. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आप्पा," ती म्हणाली, "पीठ कोमटच हाय की."

"हाव."

"गरम न्हाई."

"दगडाला धार हाय," बसलिंगप्पा म्हणाले.

म्हातारीने हात बाहेर काढला, बोटे उघडझाप केली, पुन्हा आत घातला. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नवल होते. "इतकी वरसं आमाला वाटायचं," ती म्हणाली, "गिरणीचं पीठ गरमच असतंय."

तिने झाकण लावले. काठीवर भार देऊन उठली, डबा डोक्यावर घेतला आणि उन्हात उतरून चालू लागली.

पेटीतले घरचे दाणे संपले होते. आवाज बदलला होता. दगडावर दगड घासू लागला होता आणि जळका वास गिरणीभर पसरत होता. बसलिंगप्पांनी तो ओळखला. पण पेटीच्या कडेवर धरलेला त्यांचा हात काही केल्या बटणाकडे जाईना. शेवटी अंबिकाच पुढे आली आणि तिने गिरणी बंद केली.